ठराव क्रमांक नऊ

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाच्या कपाळी सटवाईने एक गोष्ट लिहूनच ठेवलेली असते. तो ज्या सोसायटीत राहायला जाईल, तिथे त्याला खजिनदार करतात. "तुम्हाला काय, दिवसभर पैसेच मोजता!" असे म्हणून लोक हिशोबाच्या वह्या त्याच्या हातात कोंबतात. दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजणाऱ्याला संध्याकाळी घरी येऊनही दुसऱ्याचेच पैसे मोजण्याची हौस असणार, हा समज कुठून निघाला देव जाणे. हलवायाला कोणी, "दिवसभर पेढेच वळता, रात्री आमचेही वळून द्या," असे सांगायला जात नाही. पण मला सांगितले, आणि मी वह्या घेतल्या. आम्ही कॉमर्सवाले. आम्हाला कॉलेजात जमा काय आणि नावे काय ते शिकवतात. नाही म्हणायला शिकवत नाहीत.

हे पाल्हाळ एवढ्याचसाठी की पुढे मी जे भांडण मांडणार आहे, त्यातला आरोपी क्रमांक एक मीच आहे. ते आधी सांगून टाकलेले बरे. नंतर बायकोने सांगण्यापेक्षा.

आमची वसाहत मुंबईच्या एका उपनगरातली, म्हाडाने बांधलेली. तळमजला अधिक चार मजले, दोन विंगा, लिफ्ट नाही. घरे लोकांना सोडतीत लागली, पुढे रीतसर सहकारी सोसायटी झाली. नशिबाने घर लागलेल्या माणसांनी नम्र व्हायला हवे होते; पण सोसायटी रजिस्टर झाल्याबरोबर प्रत्येकाला शेजाऱ्यावर नियम करण्याचे डोहाळे लागले. जिन्याखालच्या फळ्यावर आजमितीस अशा सूचना आहेत: जिन्यात चपला ठेवू नयेत. गच्चीवर पापड वाळत घालू नयेत. मुलांनी खेळू नये. शेवटच्या सूचनेत कुठे खेळू नये ते लिहिलेले नाही, त्यामुळे ती फार व्यापक झाली आहे.

तर २०२३ च्या सप्टेंबरात आमची वार्षिक सर्वसाधारण सभा भरली. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून ती दरवर्षी महिनाअखेरीलाच होते. पाण्याच्या टाकीवर दीड तास गेला. रंगकामावर एक तास गेला आणि रंग ठरलाच नाही. ठराव क्रमांक नऊ निघाला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. सेक्रेटरींनी वाचले, "वसाहतीत कुत्री, मांजरे व तत्सम प्राणी पाळण्यास, आणण्यास व लिफ्टमधून नेण्यास सक्त मनाई राहील. उल्लंघन करणाऱ्या सभासदास दरमहा रुपये ५०० दंड."

"लिफ्ट कुठाय आपल्याला?" मागून कोणीतरी विचारले.

"पुढेमागे झाली तर?" सेक्रेटरी म्हणाले.

खरी गोष्ट अशी की, त्यांनी तो ठराव आपल्या मेहुण्याच्या वीस मजली सोसायटीतून जसाच्या तसा उतरवून आणला होता. परीक्षेत कॉपी करणारा पोरगा निदान नाव तरी स्वतःचे घालतो. मग एकाने विचारले, तत्सममध्ये पोपट येतो का? कारण खुद्द सेक्रेटरींच्या गॅलरीत पोपट आहे. "तत्सम म्हणजे चार पायांचे," असा खुलासा झाला. "अनुमोदन कोणाचे?" असा प्रश्न आला. घरी माझे पिठले निवत होते. मी हात वर केला.

झाले. इतिवृत्तात नोंद पडली: सूचक सेक्रेटरी, अनुमोदक खजिनदार, ठराव सर्वानुमते मंजूर. सर्वानुमते याचा अर्थ, सर्वांना भूक लागली होती.

आता ठराव जरी जगातल्या यच्चयावत चतुष्पादांविरुद्ध असला, तरी आमच्या वसाहतीत कुत्री होती दोनच. एक 'ब' विंगेतल्या एका तरुणाचे, विलायती जातीचे, त्याच्या अंगावर थंडीत स्वेटर असे. दुसरा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा बंडू. बंडू अस्सल गावठी, म्हणजे जन्म गेटबाहेरच्या पानपट्टीखाली. काकूंचे यजमान रोज रात्री त्याला पोळी घालायचे. २०२१ साली ते गेले. दिवसवार झाले, पाहुणे पांगले, आणि त्या रात्री बंडू तीन मजले चढून काकूंच्या दारापुढे येऊन बसला. काकूंनी दार उघडले. एवढीच त्यांच्या श्वानपालनाची हकिकत.

काकू एकतीस वर्षे शाळेत शिकवत होत्या. त्यामुळे बंडूची फाइल आहे. त्यात महापालिकेचा परवाना आहे, दरवर्षीच्या रेबीजच्या लशीचा दाखला आहे, नसबंदी केल्याची पावती आहे. माझी स्वतःची कागदपत्रे इतकी नीट नाहीत.

ऑक्टोबरच्या एक तारखेला काकू पाचशेची नोट घेऊन माझ्या दारात उभ्या. "घे. आणि पावती दे." मी पावती फाडली. पावतीवर 'बाबत' असा एक रकाना असतो. त्यात काय लिहावे? मी लिहिले, 'कुत्रा'. खाली सही ठोकली. खातेवहीत ही रक्कम कुठल्या सदरात घालावी हा दुसरा प्रश्न. मी ती 'इतर उत्पन्न' या सदरात घातली, रद्दीविक्री आणि गच्चीभाडे यांच्या मधोमध. अशा पाच पावत्या मी फाडल्या. स्वेटरवाल्या कुत्र्याच्या मालकाने मात्र एकदाही दंड भरला नाही. नोटीस गेली की तो तिच्यावरच कुत्र्याला बसवी, असे म्हणतात. मला बँकेतल्या अनुभवाने हे ठाऊक असायला हवे होते. ज्याला पैसे बुडवायचे असतात त्याला दंडाची भीती नसते. दंड भरतो तो बिचारा नियम पाळणारा.

२०२४ च्या फेब्रुवारीत काकू आमच्या शाखेत आल्या. माझ्याच काउंटरवर. ग्राहकाच्या ठेवीची गोष्ट बाहेर सांगू नये हा बँकेचा दंडक आहे, तो मी मोडत नाही. काकूंची परवानगी घेऊन, हा मजकूर त्यांना दाखवून लिहितो आहे. (त्यांनी शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या.) तर काकूंनी मुदत ठेव मोडण्याचा फॉर्म पुढे केला.

"काकू, मुदत संपायला पाच महिने आहेत फक्त. आत्ता मोडलीत तर व्याज कमी पडेल."

"ठाऊक आहे. व्याजाचं गणित मी सातवीला शिकवायची."

"मग मोडताय कशाला?"

"बदलापूरला खोली बघितलीय भाड्यानं. तळमजला आहे. मालक म्हणाला, कुत्रा चालेल. डिपॉझिट मागतोय."

"म्हणजे? स्वतःचं घर सोडून जाणार तुम्ही?"

काकू जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "अरे, पाचशे रुपये मी दिले असते रे. पेन्शन आहे मला. पण दर महिन्याला तू त्या पावतीवर 'कुत्रा' लिहितोस आणि खाली सही करतोस. तू लहानसहान वस्तू मागायला माझ्याकडे येतोस, तुझ्या पोरीचं गणित मी घेतलंय. त्याचं नाव बंडू आहे, हे तुला माहीत नाही का?"

काउंटरच्या आत बसणाऱ्या माणसाला काच असते, हे किती सोयीचे असते ते मला त्या दिवशी कळले. मी म्हणालो, "काकू, फॉर्म आज राहू द्या. सिस्टीम बंद आहे." हे वाक्य मी नोकरीत हजार वेळा खरे बोललो आहे. खोटे त्या दिवशी पहिल्यांदा बोललो.

त्या रात्री मी पुस्तके काढून बसलो. कॉलेजात मर्कंटाइल लॉ नावाचा पेपर होता, त्यात मला जेमतेम पास होण्यापुरते मार्क होते. म्हणजे कायदा मला अगदीच परका नाही. आणि जे सापडले ते वाचून मला घाम फुटला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा, दोहोंच्या नावापुढे १९६० हेच साल. सख्खी भावंडेच म्हणा ना. पण आमच्या सेक्रेटरींनी एकाचे नाव पाठ केले होते आणि दुसऱ्याचे ऐकलेही नव्हते.

पहिल्या भावंडाचे कलम १३ म्हणते की, उपविधी बदलायचे तर ती दुरुस्ती निबंधकाकडे नोंदली गेली पाहिजे, त्याशिवाय ती वैध नाही. आमचा ठराव साडेनऊला मंजूर झाला आणि दहाला आम्ही जेवलो; निबंधकाला कोणी कळवलेच नाही. बरे, कळवून तरी काय होणार होते? भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ ला सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांत स्पष्ट आहे की बहुमत असो, एकमत असो, पाळीव कुत्र्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही. भुंकणे हे बंदीचे कारण होऊ शकत नाही. लिफ्टचे जादा पैसे घेता येत नाहीत. (तो मुद्दा आमच्यापुरता गच्चीवरून खाली लोंबकळतो आहे.) घाण उचलण्याची विनंती करता येते, पण मनाला येईल तो दंड लावता येत नाही. २०२१ साली केरळ उच्च न्यायालयाने तर पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालणारी सोसायट्यांची कलमे बेकायदा ठरवली. आणि या सगळ्याच्या वर राज्यघटना आहे. १९७६ च्या दुरुस्तीने तिच्यात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आली, त्यांत सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगावी असे कर्तव्य आहे. मूलभूत हक्क आम्हाला सगळे पाठ असतात. कर्तव्यांच्या पानापर्यंत सहसा कोणी जात नाही.

हे वाचल्यावर माझ्यातला कॉमर्सवाला जागा झाला. जो पैसा घेण्याचा अधिकारच नाही तो उत्पन्नात कसा धरायचा? ते 'इतर उत्पन्न' नव्हे, ते देणे. पाच पावत्या गुणिले ५०० म्हणजे २,५०० रुपये आम्ही काकूंचे देणे लागतो, आणि ताळेबंदाच्या चुकीच्या बाजूला बसून फुशारक्या मारतो आहोत. मार्चपासून मी पावती फाडणे बंद केले.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणेही ऐकून घेऊ. ते अगदीच पोकळ नाही. पहिला मुद्दा घाणीचा. बरोबर आहे. 'ब' विंगेच्या जिन्यात सकाळी जपून पाऊल टाकावे लागते. पण जिना कुठला आणि मोकळे मैदान कुठले हे कुत्र्याला कळत नाही, मालकाला कळते. श्वानप्रेम म्हणजे स्वेटर विणणे आणि मागून येणारी जबाबदारी शेजाऱ्याच्या चपलेवर सोपवणे, असे ज्यांना वाटते, त्यांनीच काकूंसारख्यांचे जिणे कठीण केले आहे. काकू पिशवी आणि जुने वर्तमानपत्र घेतल्याखेरीज खाली उतरत नाहीत.

दुसरा मुद्दा आवाजाचा. बंडू भुंकतो. दूधवाला आला की एकदा आणि फळ्यावर नवी सूचना लागली की एकदा. पहाटे पाचला चटणीसाठी लागणारा मिक्सर, लग्नाचा डीजे, वरच्या मजल्यावर बारा महिने चाललेले टाइल्स बसवण्याचे काम, यांच्यावर आजवर एकही ठराव आलेला नाही. कारण त्यांना मते आहेत.

तिसरा मुद्दा भीतीचा, आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. पहिल्या मजल्यावरची चार वर्षांची मुलगी बंडू दिसला की आईच्या पदरात शिरते. तिची भीती हसण्यावारी नेऊ नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हेही खरे. म्हणूनच लशीचा दाखला मागा, जिन्यात पट्टा बांधा म्हणून सांगा. आम्ही काय केले? दाखला मागितलाच नाही, पाचशे रुपये मागितले. पाचशे रुपयांनी रेबीज थांबतो असे कुठल्याही डॉक्टरने सांगितलेले नाही.

म्हणजे माझे भांडण नियमांशी नाही. नियम करा, पण प्राण्यावर करू नका, माणसाच्या वागण्यावर करा. माझ्या मावसबहिणीची मुलगी सिंगापूरला असते. तिथे तीनचतुर्थांशांहून अधिक लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात, आणि नियमांच्या बाबतीत सिंगापूरपुढे आमचे सेक्रेटरी म्हणजे बालवाडी. तिथल्या मंडळाने १९८९ पासून घरांत मांजर ठेवायला बंदी केली होती. मांजर घरात राहत नाही, केस गाळते, बाहेर घाण करते, रात्री ओरडते, ही कारणे. तरी लोक मांजरे पाळतच होते, चोरून. पस्तीस वर्षांनी, १ सप्टेंबर २०२४ ला, ती बंदी उठली. आता दोन मांजरांपर्यंत परवानगी. पण परवाना काढायचा, मांजराला मायक्रोचिप बसवायची आणि खिडकीला जाळी लावून ते बाहेर भटकणार नाही असे पाहायचे. पस्तीस वर्षांनी त्यांना उमगले ते एवढेच, की बंदी मांजराला घालायची नसते, जाळी खिडकीला लावायची असते. ब्रिटनमध्ये कौन्सिलची घरे असतात, तिथे प्रत्येक कौन्सिलचा भाडेकरार निराळा. पण पुष्कळ ठिकाणी आधी लेखी परवानगी काढा आणि शेजाऱ्याला उपद्रव देऊ नका, असा मामला. तिथे घराचे मालक सरकार. इथे मालक आम्हीच, आणि आम्हाला आमच्यातल्याच एका म्हातारीला बदलापूरला धाडण्याची घाई.

हे सगळे सांगायला मी जूनमध्ये सेक्रेटरींच्या घरी गेलो. त्यांच्या दिवाणखान्यात दत्तगुरूंची मोठी तसबीर आहे. मागे गाय, पायाशी चार कुत्री. मी हिशोबाच्या सवयीने म्हणालो, "ठरावाप्रमाणे यांना महिना दोन हजार लागतील. गाय तत्सममध्ये धरली तर अडीच." ते हसले नाहीत. ज्या महाराष्ट्रात पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे, कोरडी कशी खाशील म्हणून तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण पोरांना सांगतो, तिथेच आपण ही पावती फाडतो, असेही मी म्हणालो. तरी ते हसले नाहीत. मग मी नको ते बोलून गेलो. गॅलरीतल्या पिंजऱ्याकडे बोट दाखवून म्हणालो, "साहेब, आपल्या वसाहतीत कायद्याने खरोखर बंदी असलेला प्राणी एकच आहे. आपला रानपोपट घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे."

मला वाटले होते, मी बाजी मारली. पण त्यांचा चेहरा उतरला. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "अहो, पण तो मुलीच्या जन्माआधीपासून आहे हो घरात. तिला पहिल्यांदा हाक त्यानंच मारली. घरातलाच आहे तो."

"बंडूही घरातलाच आहे," असे म्हणायचे माझ्या जिभेवर आले होते. पण म्हणालो नाही. त्यांच्याकडे पाहून वाटले, ते त्यांना ऐकू आले आहे.

पोपटाच्या बंदीला कारण आहे. तो रानातला पक्षी, घरट्यातून चोरून बाजारात आणलेला. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या उंबऱ्याशी राहत आला आहे. कारण असलेली बंदी कशी दिसते ते सेक्रेटरींना समजले असावे, कारण ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःच वनखात्याला फोन करून पोपट त्यांच्या स्वाधीन केला. रिकामा पिंजरा अजून गॅलरीत आहे. त्याबद्दल मी त्यांना काही विचारत नाही.

२०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा सभा झाली. रंग या वर्षीही ठरला नाही. ठराव क्रमांक नऊ रद्द करण्याची सूचना मी मांडली, आणि अनुमोदन कोणाचे, असे अध्यक्षांनी विचारल्यावर सेक्रेटरींनी हात वर केला. चार मतांनी का होईना, पण ठराव पास झाला. त्याच्या जागी फळ्यावर आता चार विनंत्या आहेत: परवान्याची व लशीच्या दाखल्याची प्रत ऑफिसात द्यावी. जिन्यात पट्टा बांधावा. घाण झाल्यास मालकाने उचलावी. रात्री आवाज होणार नाही याची काळजी घ्यावी. आमच्या फळ्याच्या इतिहासात 'विनंती' हा शब्द प्रथमच आला. आणि आश्चर्य म्हणजे, सक्त मनाईला न जुमानणारा तो 'ब' विंगेतला तरुण हल्ली सकाळी हातात पिशवी घेऊन दिसतो. रोज नाही. आठवड्यातून पाच दिवस.

सभा संपल्यावर मी वह्या घेऊन काकूंकडे गेलो. २,५०० रुपये मोजून दिले. त्यांनी पुन्हा मोजले, बचत खात्याच्या दराने त्यावर किती व्याज झाले असते ते तोंडी सांगितले, आणि "राहू दे ते, चहा घे," म्हणाल्या. बंडू कोपऱ्यात पडला होता. वयाने त्याचे मागचे पाय आता जरा धरतात. तीन मजले चढताना मध्ये दोनदा बसतो. मला पाहून त्याने शेपटी एकदाच आपटली. एवढ्यावर मी खूश झालो.

व्हाउचर लिहायला घेतले. तारीख, रक्कम, अक्षरी रुपये. मग 'बाबत'चा रकाना आला. काकू चष्म्यावरून पाहत होत्या.

मी लिहिले, 'बंडू'. आणि खाली सही केली.